टिनटिनचीं चोवीस पुस्तकें

मुलांच्या हातीं पडणाऱ्या चित्रकथांकडे वडील माणसें बहुधा ढुंकूनहि पाहात नाहींत. चित्रें सुबक आहेत आणि मूल तासभर गप्प बसतें, एवढ्यावर त्यांचें समाधान होतें. बेल्जियन चित्रकार एर्झे (मूळ नांव जॉर्ज रेमी, १९०७–१९८३) याच्या टिनटिन या तरुण वार्ताहराच्या साहसकथा आपल्याकडील पुष्कळ घरांत शिरल्या आहेत. त्यांचीं सर्व चोवीस पुस्तकें ओळीनें वाचलीं असतां आणखी एक कथा दृष्टीस पडते. ती टिनटिनची नसून खुद्द चित्रकाराच्या नजरेची आहे.

आरंभ निराशाजनकच म्हटला पाहिजे. रशियावरील पहिलें पुस्तक (१९३०) म्हणजे निव्वळ प्रचार. ब्रुसेल्सच्या एका कॅथॉलिक दैनिकाच्या बालपुरवणीसाठीं तें काढलेलें होतें, आणि एर्झेनें रशिया पाहिलेलाहि नव्हता. दुसरें कांगोवरील. कांगो तेव्हां बेल्जमच्या ताब्यांत होता. तेथील माणसें पोरकट व बावळट दाखविलीं आहेत, आणि टिनटिन त्यांच्या मुलांना शाळेंत शिकवितो काय, तर बेल्जम हा तुमचा देश! १९४६ च्या रंगीत आवृत्तींत या धड्याच्या जागीं बेरजेचें गणित आलें. धडा तेवढा बदलला. गुरु कोण आणि अजाण कोण, हें ठरलेलेंच राहिलें.

चौथ्या पुस्तकांत, 'सिगार्स ऑफ द फॅरो'मध्यें, स्वारी हिंदुस्थानांत येते. येथें आपल्या वाचकांनीं जरा थांबावें. संमोहनविद्या जाणणारा फकीर, महाराजाचा राजवाडा, आणि लांकडाचा कर्णा करून हत्तींशीं संभाषण करणारा टिनटिन! कांगोंतील चित्रांना हसणाऱ्या मुलापुढें हीं पानें ठेवावींत, आणि 'हा आपला देश काय रे?' असें त्याला विचारावें.

पुढची कथा चीनमध्यें घडणार असें समजतांच, बेल्जममधील चिनी विद्यार्थ्यांची काळजी वाहणाऱ्या एका धर्मोपदेशकानें एर्झेला पत्र धाडून सावध केलें. १९३४ मध्यें ब्रुसेल्सच्या कलाशाळेंत शिल्पकला शिकणाऱ्या चांग चोंगरेन या तरुणाशीं त्याची गांठ पडली. 'ब्लू लोटस' (१९३६) हें त्या स्नेहाचें फळ. भिंतींवरील चिनी अक्षरें खरीं आहेत. १९३१ मधील मांचूरियांतील रेल्वेस्फोट आणि त्या निमित्तानें जपाननें केलेली चढाई कथेंत उघड उघड आली आहे. टिनटिन एका मुलाला पुरांतून वांचवितो. त्याचेंहि नांव चांग. मग दोघेहि एकमेकांच्या लोकांविषयींच्या खुळ्या समजुती सांगून पोट धरून हंसतात. आमच्या मतें साऱ्या मालेंत या पानाच्या तोडीचें पान क्वचितच सांपडेल.

मात्र यानंतर सर्व सुरळीत झालें, असें नव्हे. जर्मन अंमलाखालील वृत्तपत्रांत १९४१–४२ मध्यें क्रमशः आलेल्या 'शूटिंग स्टार'मधील दुष्ट सावकार ज्यू आहे, आणि त्याचें व्यंगचित्र त्या काळच्या द्वेषाला शोभेल असेंच आहे. पुढें त्याचें नांव बदलण्यांत आलें, चेहरा राहिलाच.

शिवराळ पण प्रेमळ कप्तान हॅडॉक आल्यापासून मालेला रंग चढतो. चंद्रावरील दोन पुस्तकें (१९५३ व १९५४) मनुष्य चंद्रावर उतरण्याच्या पंधरा वर्षें आधींचीं असूनहि शास्त्राला बऱ्याच अंशीं धरून आहेत. 'कॅस्टाफिओर एमरल्ड'मध्यें (१९६३) कांहींच घडत नाहीं आणि तरी पुस्तक खालीं ठेववत नाहीं. 'पिकारोज'मध्यें (१९७६) हात थकलेला दिसतो. चोविसावें अपुरेंच राहिलें.

सर्वांत श्रेष्ठ 'टिनटिन इन तिबेट' (१९६०). यांत खलपुरुषच नाहीं. विमान हिमालयांत कोसळलें आहे, चांग त्यांत होता, आणि तो जिवंत आहे असें एकटा टिनटिन मानतो. वाटेंत दिल्ली लागते. कुतुबमिनार, लाल किल्ला, आणि रस्त्यांत बसलेल्या गाईला ओलांडूं जाऊन तिच्याच पाठीवर स्वार झालेला हॅडॉक! हंसें होतें तें पाहुण्याचें. आणि ज्याला सर्व जण राक्षस समजतात त्या यतीनेंच चांगला जगविलेलें असतें.

मुलांच्या हातीं प्रथम 'ब्लू लोटस' व 'तिबेट' द्यावें, मग मधलीं. कांगोचें पुस्तक बारा-तेरा वर्षांच्या मुलास शेवटीं द्यावें, आणि तें वाचीत असतां आपण जवळ बसावें.