जुन्या पिकअप वाहनातील ऑक्सिजन सेन्सर : दोषनिदानाचा क्रम

शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतमाल वाहतुकीत जुन्या पिकअप वाहनांचा वापर होतो. त्यांपैकी पेट्रोल वा सीएनजीवरील इंजेक्शन प्रणालीच्या वाहनांत सायलेन्सरच्या नळीवर ऑक्सिजन सेन्सर असतो. झिर्कोनियाचा हा सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसनंतर कार्य करतो. मिश्रणात इंधन अधिक असल्यास तो सुमारे ०.९ व्होल्ट, तर हवा अधिक असल्यास ०.१ व्होल्ट दर्शवितो. तापलेल्या इंजिनात हा विद्युतदाब सतत वरखाली होणे, हे सुस्थितीचे लक्षण होय. तो ०.१ वरच स्थिरावल्यास सेन्सर निकामी झाला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. सेन्सरच्या अलीकडे नळीस चीर असल्यास बाहेरील हवा आत शिरते. नियंत्रक संगणक इंधन कमी पडते असे समजून पुरवठा वाढवितो आणि मायलेज घटते. अशा वेळी नवा सेन्सर बसवूनही दोष कायम राहतो. म्हणून प्रथम गळती, नंतर वायर व शेवटी सेन्सर, हाच तपासणीचा क्रम वाहनधारकाच्या हिताचा आहे.