इंजेक्शननंतर रक्तस्राव थांबत नाही? गप्प बसू नका!

पेण आणि रोहा तालुक्यांतील वस्त्यांत महिलांच्या बैठका घेताना एक प्रश्न आम्हांला नेहमी हळू आवाजात विचारला जातो : “पाळणा लांबवायचे इंजेक्शन घेतले, पण रक्त जायचे थांबतच नाही. काही वाईट तर झाले नसेल?” पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणारी भगिनी असो वा रोह्याकडे भातलावणीला जाणारी, पंधरा-वीस दिवस रक्त जात राहिले तर तिची मजुरी बुडते, अशक्तपणा येतो आणि घरात कुजबुजही सुरू होते.

सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात ‘अंतरा’ हे इंजेक्शन २०१७ साली आले. ते दर तीन महिन्यांनी मोफत दिले जाते. त्यातील हार्मोनमुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही. त्याचबरोबर गर्भाशयाचे आतले अस्तर पातळ व नाजूक होते. ते अधूनमधून सुटते, म्हणून डाग पडतात किंवा रक्तस्राव लांबतो. पहिल्या काही महिन्यांत हा त्रास पुष्कळ जणींना होतो, पुढे कमी होत जातो. वर्षभरात अनेकींची पाळीच थांबते. तेव्हा रक्त पोटात साठते, ही समजूत खोटी आहे. अस्तरच वाढत नाही, मग साठणार काय?

मात्र “असे होतेच” म्हणून सोसत राहणे चूक आहे. रक्तस्राव आठ दिवसांहून अधिक चालला किंवा नेहमीच्या दुप्पट झाला, तर सरकारी दवाखान्यात जावे. दिवस राहिलेले नाहीत ना, जंतुसंसर्ग वा दुसरा आजार नाही ना, हे तपासून डॉक्टर थोड्या दिवसांच्या गोळ्या देतात. हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले होते. चक्कर, धाप किंवा फार जोराचा रक्तस्राव असेल, तर त्याच दिवशी जावे.

कुणालाही न विचारता पुढचे इंजेक्शन चुकवू नये. नको असताना दिवस राहू शकतात. हे इंजेक्शन सोसत नसेल तर निरोध आहे, हार्मोन नसलेली ‘छाया’ गोळी आहे. तांबीने मात्र काही जणींचा रक्तस्राव वाढतो, हे ध्यानात ठेवावे.

आधी पुरती माहिती मिळणे हा स्त्रीचा हक्क आहे. १९८५ साली आंध्रातील पाटणचेरू येथे ‘नेट-एन’ या इंजेक्शनच्या चाचणीत बायकांना नीट माहिती दिली नव्हती. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना त्याविरुद्ध उभी राहिली आणि १९८६ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

भगिनींनो, सुई टोचण्यापूर्वी विचारा : रक्तस्राव झाला तर काय करायचे, कुठे यायचे? रक्त गेलेल्या दिवसांवर कॅलेंडरात खूण करा व ते डॉक्टरांना दाखवा. आणि बंधूंनो, अशा वेळी संशय घेऊ नका, तिच्यासोबत दवाखान्यात जा!