प्रौढ कोणाला म्हणावे?

आमच्या घराण्यातून सिनेमाच्या दारावरून परत पाठवली गेलेली एकच व्यक्ती, ती म्हणजे माझी थोरली बहीण! गोष्ट १९७१ सालची. वहिनी आम्हां दोघींना घेऊन एका प्रेमपटाला गेली. दारावर पाटी होती – ‘केवळ प्रौढांसाठी’. ताई एकोणीस वर्षांची. पण चण लहान, अंगात स्कर्ट आणि पाठीवर दोन वेण्या. मी अवघी पंधराची. पण उंचीने वडिलांवर गेलेली आणि हळदीकुंकवाहून परस्पर आल्यामुळे आईचे पातळ नेसलेली. डोअरकीपरने मला अदबीने आत सोडले आणि ताईला म्हणाला, “बाळ, तू घरी जा!”

कायदा ताईच्या बाजूने होता, बरे का! आपल्याकडे १९४९ साली चित्रपटांची ‘यू’ आणि ‘ए’ अशी वाटणी झाली. ‘यू’ सर्वांसाठी, ‘ए’ अठरा वर्षे पुरी झालेल्यांसाठी. १९५२ च्या कायद्यानेही तीच वाटणी चालू ठेवली. पण कायदा वय पाहतो आणि डोअरकीपर पातळ पाहतो, त्याला काय करणार?

आत जाऊन मी काय पाहिले म्हणाल, तर फारसे काही नाही. दोन-तीन प्रसंगांना वहिनीने माझ्या डोळ्यांवर हात धरला, आणि तेवढेच प्रसंग मला आजवर आठवतात!

प्रेमपट काढणाऱ्यांना हे गणित पक्के ठाऊक असते. ‘ए’ या अक्षराची काही जणांना भुरळ पडते खरी. पण आजीपासून नातवापर्यंत सारे घर तिकीट काढते ते ‘यू’ला. म्हणून तर पडद्यावर वर्षानुवर्षे दोन फुले एकमेकांना टेकत राहिली आणि प्रेक्षक समजायचे ते समजत राहिले. १९९५ चा ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ मुंबईच्या ‘मराठा मंदिर’मध्ये हजाराहून अधिक आठवडे चालला. त्यातला नायक मुलीला पळवून न्यायला तयार नसतो. तिच्या बापाची संमती हवी म्हणून अडून बसतो. मग बापाने तरी तिकीट का काढू नये?

आमचे आप्पाही असेच प्रेमपटांचे भोक्ते. नायक-नायिकेची ताटातूट झाली की अंधारात हळूच रुमाल डोळ्यांना लावायचे. पण १९७४ साली ताईने ऑफिसातल्या, दुसऱ्या जातीच्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले, तेव्हा त्याच आप्पांनी तिला अकरा वर्षे घराचे दार बंद केले. पडद्यावरच्या प्रेमाला त्यांची कधीच ना नव्हती. ते दुसऱ्याच्या घरात घडत होते ना!

१९८३ साली ‘यूए’ हा तिसरा प्रकार आला. बारा वर्षांखालच्या मुलांनी असा चित्रपट पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याचा अर्थ. २०१६ साली मी माझ्या दहा वर्षांच्या नातीला ‘सैराट’ला नेले. गाण्यांवर नाचणारे थिएटर शेवटी चिडीचूप झाले. परतताना रिक्षात तिने विचारले, “आजी, आपल्याच मुलीला त्यांनी का मारलं गं? आपल्या घरी कोणी असं लग्न केलं तर?”

मार्गदर्शनाची वेळ ती हीच, पण मी म्हणाले, “सिनेमात असंच असतं, बाळ.”

२०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग पाडले. तेही पालकांना सल्ला म्हणूनच. अमुक चित्रपट मुलांना दाखवायचा की नाही, हे घरच्यांनीच ठरवायचे. मंडळ प्रमाणपत्र देऊन मोकळे होते. मुलांचे प्रश्न उरतात आपल्या पदरात.

नात आता कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात ताई आमच्याकडे आली होती. तिच्यासमोरच मी नातीला ती अकरा वर्षे सांगितली, काही न वगळता. नात ताईच्या जवळ सरकून बसली. ताई हसून म्हणाली, “त्या डोअरकीपरने मला लहान ठरवलं, नंतर आप्पांनीही तेच केलं. माझं खरं वय मात्र दोघांपैकी एकानेही विचारलं नाही!”