घरची शाळा आणि हातांची भाषा

मूल शाळेत न घालता घरीच शिकवावे, हा विचार आपल्याकडे थोड्यांच्याच मनात येतो. अमेरिकेत तो लक्षावधी कुटुंबांनी अमलात आणला आहे. तेथील सरकारी पाहणीप्रमाणे १९९९ साली घरी शिकणारी मुले सुमारे साडेआठ लक्ष होती. २०१६ साली ती सुमारे सतरा लक्ष झाली. यांतील पुष्कळ कुटुंबे श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. धर्माचे संस्कार आपल्याच हातून व्हावेत, ही त्यांची इच्छा. जे घरी जमत नाही त्यासाठी काही कुटुंबे एकत्र येतात आणि आठवड्यातून एखादा दिवस, बहुधा चर्चच्या दालनात, वर्ग भरवतात. अशा वर्गांतून परभाषा म्हणून कोणी स्पॅनिश शिकतो, कोणी लॅटिन, तर कोणी अमेरिकन खुणांची भाषा. ही भाषा शिकवताना बहिऱ्यांचा इतिहासही शिकवला पाहिजे, असे आमचे मत आहे. ते का, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आमचे स्वतःचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा शाळेबाहेरच्या शिक्षणाला नाक मुरडण्याचे आम्हांस कारण नाही. पण काय शिकवले आणि काय गाळले, हे मात्र कोठेही विचारलेच पाहिजे.

प्रथम ही भाषा म्हणजे काय ते पाहू. यंत्रमागाच्या खडखडाटात कामगार एकमेकांना खुणा करतात : धागा तुटला, मुकादम आला, चहाला चल. त्या नुसत्या खुणा होत. 'मुकादम काल आला नसता तर तू काय केले असतेस?' हे त्या खुणांनी विचारता येत नाही. बहिऱ्यांच्या भाषेत ते सहज विचारता येते, कारण तिला व्याकरण आहे. विल्यम स्टोकी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली हे शास्त्रीय रीतीने दाखवून दिले. हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल, यांवर शब्द ठरतो. उदाहरणार्थ, पंजा पसरून अंगठा कपाळाला टेकवला की 'बाप'; तोच पंजा हनुवटीला टेकवला की 'आई'. होय-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. काय, कोण, कोठे असे विचारायचे असेल तर खाली येतात. ही भाषा जगभर एकच आहे, हाही गैरसमज होय. अमेरिकन आणि इंग्रज दोघेही इंग्रजी लिहितात, पण त्या दोन देशांतील बहिऱ्यांना एकमेकांच्या खुणा कळत नाहीत. अमेरिकन खुणांचे नाते आहे फ्रान्सशी. ते कसे, हे इतिहासाशिवाय उलगडत नाही.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे नावाचे धर्मोपदेशक होते. दोन बहिऱ्या बहिणी त्यांच्या पाहण्यात आल्या. धर्माचे ज्ञान न होताच या मुली मरतील, या चिंतेने त्यांनी शिकवायला सुरुवात केली. बहिऱ्यांच्या खुणा त्यांनी आधी स्वतः शिकून घेतल्या, हा त्यांचा मोठेपणा. त्या शाळेत तयार झालेले लोरां क्लेर हे बहिरे शिक्षक १८१६ साली टॉमस गॅलॉडेट यांच्यासह अमेरिकेला गेले आणि १८१७ साली हार्टफर्ड येथे शाळा निघाली. फ्रेंच खुणा आणि तेथील मुलांच्या खुणा मिसळून आजची भाषा घडली.

पुढे १८८० साली मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. प्रतिनिधी १६४, त्यांत बहिरा एकच. ठराव झाला की शिक्षण तोंडी बोलण्यानेच द्यावे, खुणा नकोत. परिषदेचे अध्यक्ष जुलिओ तार्रा हेही धर्मोपदेशकच होते. ज्या ठरावाचे ओझे ज्यांच्या डोक्यावर पडायचे त्यांनाच बैठकीत जागा नाही, हा प्रकार कामगारांना नवा नाही. त्यानंतर अनेक देशांतील शाळांत मुलांचे हात बांधल्यासारखे झाले. बहिरे शिक्षक कामावरून गेले. तरीही भाषा मेली नाही. वसतिगृहांत मुलांनी ती एकमेकांत जगवली. या ठरावाबद्दल त्या परिषदेच्या परंपरेने व्हँकुव्हर येथे खेद व्यक्त केला तो २०१० साली, म्हणजे १३० वर्षांनी.

ख्रिस्ती घरांतील मुलांना हे दोन्ही सांगितले पाहिजे : शाळा उघडणाराही धर्मोपदेशक, आणि हातांना बंदी घालणाऱ्या परिषदेचा अध्यक्षही धर्मोपदेशक. पहिलेच सांगितले तर बहिरा माणूस दयेचा विषय होऊन बसतो. दुसरेही सांगितले म्हणजे तो हक्काचा माणूस होतो.

या हक्काचा धडा १९८८ साली मिळाला. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाची सनद १८६४ सालची. पण १२४ वर्षांत त्याचा अध्यक्ष एकदाही बहिरा नव्हता. मार्च महिन्यात पुन्हा ऐकू येणारीच व्यक्ती नेमली गेली, तेव्हा विद्यार्थ्यांनी फाटके बंद केली. मागण्या चार : अध्यक्ष बहिरा असावा, विश्वस्त मंडळाच्या प्रमुखांनी जावे, मंडळात बहुमत बहिऱ्यांचे असावे, आणि आंदोलनात भाग घेणाऱ्या कोणावरही सूड उगवू नये. ही चौथी मागणी वाचून आम्हांस आपल्याच संपाचे मागणीपत्र वाचल्यासारखे वाटले. आठवड्याभरात चारही मान्य झाल्या आणि आय. किंग जॉर्डन पहिले बहिरे अध्यक्ष झाले.

आता घरच्या शाळेची अडचण. बाकीच्या भाषा मूल आईपासून शिकते. पण दहांपैकी नऊहून अधिक बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यांना ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या घराने नव्हे, तर शाळेच्या वसतिगृहाने दिली. म्हणून बहिरे मूल घरी ठेवून शिकवायचे असेल, तर घराने आधी स्वतः खुणा शिकल्या पाहिजेत आणि मुलाला बहिऱ्यांच्या संगतीत नेले पाहिजे. नाहीतर लिहिणे-वाचणे दूरच, मुलाला विचार करण्यापुरतीही पुरी भाषा मिळत नाही. घरावर प्रेम असणे आणि घर पुरेसे असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

ऐकू येणाऱ्या मुलांचा वर्ग असेल तर शिक्षक शक्यतो बहिरा असावा, आणि त्याला सेवाभावाच्या नावाखाली फुकट न राबवता योग्य मेहनताना द्यावा. तासाला तोंड बंद, हात मोकळे. मिलानचाच धडा घ्या : डावीकडच्या जागेत ठराव करणारे बसवावे, उजवीकडे वसतिगृहातील मुले, मग नुसत्या नजरेने आणि बोटाने त्यांच्याकडे वळत गोष्ट सांगावी. व्याकरण आणि इतिहास एकाच तासात होतो.

आपल्याकडे मुंबईत बहिऱ्यांची शाळा निघाली तीही १८८० नंतरच्या दशकात, बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नाने. भारतीय खुणांच्या भाषेसाठी दिल्लीत केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था स्थापन झाली ती मात्र २०१५ साली. मधल्या काळात किती मुले भाषेवाचून वाढली असतील, याचा विचार करावा. आपल्या पेठेत असे मूल असेल, तर त्याच्या घरी जाऊन एवढेच विचारावे : याच्याशी याच्या भाषेत बोलणारे घरात कोण आहे?