प्लगिन बंद केलं, पण काढलं का?

बार्शीटाकळीत बसून अकोल्यातल्या एखाद्या दुकानाची वेबसाइट सांभाळताय? वर्डप्रेसवर असेल, तर आज प्लगिनची यादी उघडाच. एकदा वापरून 'डीॲक्टिव्हेट' केलेली किती पडून आहेत, मोजा.

बंद केलं म्हणजे विषय संपला, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं, दोस्तहो! प्लगिन बंद झालं तरी त्याच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात, आणि काही फाइली थेट पत्ता टाकूनही चालतात. सप्टेंबर २०२० मध्ये 'फाइल मॅनेजर' प्लगिनची गडबड अशाच एका फाइलमुळे झाली. ७ लाखांहून जास्त साइट्सवर हे प्लगिन होतं आणि पासवर्ड नसतानाही कुणीही साइटवर फाइल चढवू शकत होतं.

मग करायचं काय? आधी पूर्ण साइटचा बॅकअप घ्या. सेटिंग्ज एक्स्पोर्ट करता येत असतील, तर करून ठेवा. डिलीट करताना काही प्लगिन त्याही पुसून टाकतात. विकत घेतलेल्या प्लगिनची झिप फाइल आणि लायसन्स की आपल्या कॉम्प्युटरवर ठेवा, सर्व्हरवर नाही. फुकटचं प्लगिन बहुतेक वेळा पुन्हा मिळतंच, तेही ताज्या व्हर्जनचं. एवढं झालं की बिनधास्त डिलीट!

दुकानदाराला प्लगिन म्हणजे काय ते माहीत नसतं. साइट बसली की फोन मात्र तुम्हालाच येतो.