दगडावरची नावे आणि फ्लॉपीतली अक्षरे

घरात एखाद्याला जुन्या वस्तूंचा नाद असला की त्याची थट्टा ठरलेलीच. "घराचे भंगारचे दुकान करून ठेवले," असे घरची माणसे म्हणतात आणि पावसाळ्याआधीची आवराआवर निघाली की पहिला घाला त्याच्याच कपाटावर पडतो. मावळातल्या आमच्या एका स्नेह्यांचे असेच आहे. त्यांना नाद आहे जुन्या संगणकांचा. रेल्वेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या पडवीत तीसेक वर्षांपूर्वीचे तीन संगणक, मोठ्या पोटाचा मॉनिटर, करकर वाजणारा प्रिंटर आणि फ्लॉप्यांचे डबे आहेत. शेजारची मुले विचारतात, "काका, यात पिक्चर दिसतो का?" दिसत नाही. मग हे सांभाळायचे कशाला? याचे उत्तर आम्हाला गेल्या पावसाळ्यात मिळाले.

आमच्या वस्तीतले विहार १९९० नंतरच्या काही वर्षांत लोकवर्गणीतून उभे राहिले. त्या वेळी काढलेल्या स्मरणिकेत वर्गणीदारांची यादी होती. गँगमन, बिगारी, बंगल्यांवर धुणीभांडी करणाऱ्या बाया. कुणाचे अकरा रुपये, कुणाचे एकवीस, तर कुणाची चार दिवसांची अंगमेहनत. स्मरणिकेच्या प्रती घरोघर गेल्या, गळक्या छपराखाली भिजल्या, वाळवीने खाल्ल्या. एकही धड उरली नाही. उरल्या त्या टायपिंग करणाऱ्या मुलाने जपलेल्या दोन फ्लॉप्या. पण त्या वाचायच्या कशावर? आजच्या संगणकाला फ्लॉपी घालायची खाचच नसते. सोनीसारख्या कंपनीनेही २०११ मध्ये फ्लॉपी विकणे बंद केले.

आम्ही स्नेह्यांकडे गेलो. पहिली फ्लॉपी उघडलीच नाही. फ्लॉपीच्या आत चुंबकी थराची पातळ चकती असते, आणि आपल्या लोणावळ्याकडच्या ओलीने तिच्यावर बुरशी धरली होती. दुसरी उघडली, पण पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! काका हसले. त्या काळी मराठी फॉन्ट करणारी प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने अक्षरे मांडत असे. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला. तो फॉन्ट नसला की मजकूर मुका. सर्वांसाठी एकच मांडणी असलेले युनिकोड १९९१ मध्ये आले आणि त्यात देवनागरीही होती, पण आपल्या छापखान्यांत ते रुळायला बरीच वर्षे गेली. काकांनी डबे धुंडाळून तो जुना फॉन्ट शोधून काढला, आणि एकेक नाव पडद्यावर उमटू लागले.

ही यादी वाचताना आम्हाला कार्ल्याची आठवण झाली. मळवली स्टेशनवर उतरले की एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे. सहलीला आपण सगळेच जातो, पण भिंतींवरची अक्षरे किती जण वाचतात? कार्ल्याच्या चैत्यगृहात ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यात श्रेष्ठी आहेत, तसा धेनुकाकट गावचा सामी नावाचा सुतारही आहे. त्याने दाराचे काम केले. सिंहदत्त नावाचा गंधी आहे. भाज्याला तर एका हालिकाच्या, म्हणजे नांगरट्याच्या बायकोचे दान नोंदलेले आहे. तीही वर्गणीदारांची यादीच!

पण मध्यंतरी ब्राह्मी वाचणारे कुणी उरले नाही. अक्षरे होती तिथेच होती, तरी ती मुकी झाली. लोक म्हणू लागले, लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. सुताराचे नाव डोळ्यांसमोर असून कुणाला दिसेना. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे सोडवले. पुढे जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाने अक्षरांचा एक तक्ता मिळवून गिरनारच्या पायथ्याचा लेख स्वतःच वाचायला सुरुवात केली. हा त्याचा छंदच. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याला बोलावून घेतले, आणि १८८१ मध्ये जेम्स बर्जेस यांच्याबरोबर पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक त्याच्या नावावर निघाले.

म्हणजे अक्षर टिकून भागत नाही, वाचणाराही टिकावा लागतो. हे फक्त गरिबांच्या यादीचे दुखणे नाही. इंग्लंडात १०८६ मध्ये राजाने देशभरच्या जमिनींची मोजदाद करून कातड्यावर लिहून घेतली. ती नोंद आजही वाचता येते. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये दहा लाखांवर लोकांकडून, त्यातही शाळकरी मुलांकडून, माहिती गोळा करून ती लेझर तबकड्यांवर भरली. पण पंधरा-सोळा वर्षांत ती तबकडी वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली. शेवटी जुन्या यंत्राचे सोंग नव्या संगणकाला वठवायला लावून अभ्यासकांनी ती माहिती सोडवली.

छंदाचे आणखी एक पथ्य आहे. तो वाटावा लागतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे अशा घरगुती वस्तू जन्मभर जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. कुलपात ठेवला असता तर आपल्याला काय दिसले असते? आमचे काकाही आता रविवारी दोन-तीन मुलांना शेजारी बसवतात. कुणी जुना रेडिओ आणतो, तर कुणी भाज्याच्या लेखाचा कागदावर उतरवलेला नमुना.

वाचकहो, तुमच्या घरीही एखादी पेटी असेल. फ्लॉपी, सीडी, कॅसेट असेल तर ती कोरड्या डब्यात, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा, वर नाव आणि साल लिहा. जुना संगणक एकदम वीज जोडून सुरू करू नका. आधी जाणकाराला दाखवा. आतली बॅटरी पाझरून पट्टी खाते, ती काढून घ्या. मोठ्या पोटाचा मॉनिटर मात्र घरी उघडू नका; बंद असला तरी त्याचा झटका बसू शकतो. मजकूर मिळाला की युनिकोडमध्ये उतरवा आणि दोन प्रती कागदावर काढून दोन घरांत ठेवा.

आमची ती यादी काढून आणली त्या संध्याकाळी वस्तीतल्या एका आजींनी विचारले, "माझ्या मालकांचं नाव हाय का त्यात?" होते. एकवीस रुपये आणि दोन दिवसांची गवंड्याच्या हाताखालची मजुरी. आजींना वाचता येत नाही. नातवाने त्यांचे बोट त्या ओळीवर ठेवले. अर्धी यादी मात्र बुरशी लागलेल्या फ्लॉपीत आहे. काका अजून ती पुसून पाहत आहेत. त्या स्मरणिकेची प्रत कुणाच्या पेटीत असेल, तर ती एवढी शोधून पाहावी.