सहाव्या टर्नच्या आत

मेंढीकोट खेळताना वाईट पानं आली की वाटणाऱ्याच्या नावाने बोटं मोडता येतात. 'हार्थस्टोन'मध्ये ती सोय नाही. इथे तुमची 30 पानं तुम्हीच निवडून आणलेली असतात. नशिबाच्या हाती उरतो फक्त त्यांचा क्रम. अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीने मार्च 2014 मध्ये बाजारात आणलेल्या या खेळाचे नियम अर्ध्या तासात समजतात. दोन्ही बाजूंना एकेक नायक, प्रत्येकाची हेल्थ 30. पानं खेळायला माना लागतो. पहिल्या टर्नला एक, दुसऱ्याला दोन, असा तो दहापर्यंत वाढत जातो. एकच पान डेकमध्ये, म्हणजे या 30 पानांच्या संचात, जास्तीत जास्त दोनदा घेता येतं, 'लेजेंडरी' असेल तर एकदाच. समोरच्याची हेल्थ शून्यावर आली की डाव संपला.

या खेळात सर्वांत जास्त शिव्या खाल्लेला डेक म्हणजे 'फेस हंटर'. समोर कोणती प्यादी, म्हणजे मैदानात उतरवलेली लढणारी पानं, उभी आहेत, याची फारशी पर्वा न करता थेट नायकाच्या तोंडावर मारत सुटायचं, म्हणून हे नाव. याला डोकं लागत नाही, असं याच्यासमोर हरलेला प्रत्येकजण म्हणतो. मीही म्हणायचो. मग एकदा स्वतः बांधायला बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी कागद-पेन्सिल काढावी लागली.

हिशोब असा. सहाव्या टर्नपर्यंत काम उरकायचं ठरवलं, तर एकूण माना मिळतो एक अधिक दोन करत सहापर्यंत, म्हणजे 21. पहिली खेळी तुमची असेल तर सुरुवातीची तीन आणि दर टर्नला एक, अशी नऊ पानं हाती येतात. नऊ पानं आणि 21 माना यांत 30 हेल्थ संपवायची, म्हणजे प्रत्येक पानामागे तीनहून जास्त घाव आणि प्रत्येक मानामागे जवळपास दीड. हंटर या नायकाची स्वतःची शक्ती दोन मानांत दोन घाव घालते. दर एकास एक, म्हणजे महागच. पण त्यासाठी पान खर्च होत नाही आणि ती दर टर्नला वापरता येते. हात रिकामा झाल्यावर इतरांची चूल विझते, हंटरची धुगधुगी राहते. आक्रमक डेकसाठी हा नायक निवडतात तो यामुळे.

आता 'लेपर नोम' हे पान घ्या. जुन्या रूपात किंमत एक माना, हल्ला दोन, हेल्थ एक, आणि मरताना समोरच्या नायकाला आणखी दोन घाव. पहिल्या टर्नला उतरवला आणि कोणी हात लावला नाही, तर दुसऱ्यापासून पाचव्या टर्नपर्यंत तो आठ घाव घालतो. हाच नोम सहाव्या टर्नला हाती आला तर फार तर मरतानाचे दोन. पान तेच, किंमत तीच. आक्रमक डेक बांधताना समजून घ्यायची गोष्ट हीच की इथे पानाचं मोल ते कधी पडतं यावर ठरतं.

म्हणून एक मानाची पानं किती घ्यायची, हा प्रश्न चवीचा नसून गणिताचा आहे. सुरुवातीची तीन पानं नको असतील तर एकदा बदलून घेता येतात. डेकमध्ये एक मानाची चारच पानं ठेवली, तर बदलाबदल करून आणि पहिलं पान ओढूनही पहिल्या टर्नला त्यांतलं एखादं हाती असण्याची शक्यता साधारण 67 टक्के. आठ ठेवली तर 91. हे आकडे ज्याला हवे त्याने पडताळून पाहावेत. बारावीचं संभाव्यतेचं प्रकरण पुरेसं आहे.

ही विचारसरणी हार्थस्टोनची नाही. रिचर्ड गारफील्ड यांच्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या कागदी पत्त्यांच्या खेळात 1996 साली अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू दुसरा आला. त्याचा डेक जे श्नायडर यांनी रचलेला. त्यात 'आयर्नक्लॉ ऑर्क्स'सारखी पानं होती, जी इतर लोक खोक्याच्या तळाशी टाकून द्यायचे. पण प्रत्येक टर्नचा माना पुरेपूर वापरला जाईल, अशा हिशोबाने त्यांची संख्या ठरवलेली होती. भारी पानं बाळगणारा ती खेळण्याइतका माना जमेपर्यंत अर्धा संपलेला असायचा. आज ज्याला 'माना कर्व्ह' म्हणतात, त्याची गणिती शिस्त या डेकने रुजवली.

डेकमध्ये काय घ्यायचं यापेक्षा काय गाळायचं, हे जास्त जड जातं. स्वतःला बरं करणारी पानं नकोत. दहा मानाचा ड्रॅगन कितीही देखणा असला तरी नको, कारण दहावा टर्न आला म्हणजे आपण बहुधा हरलेलोच असतो. याउलट आपल्याच पायावर धोंडा वाटावीत अशी पानं इथे चालतात. 'लीरॉय जेन्किन्स' उतरल्या उतरल्या सहा घाव घालतो आणि समोरच्याला दोन पिल्लं आंदण देतो. जुना 'आर्केन गोलेम' तीन मानांत चार घाव घालायचा, वर समोरच्याच्या मानात एकाची कायमची भर टाकायचा. ही उधारी आहे, पण ती चुकवायचा दिवस उजाडूच द्यायचा नाही, अशी या डेकची नियत असते.

खेळताना मात्र 'तोंडावर मारा' एवढं पुरत नाही. मॅजिकचे लेखक माइक फ्लोरेस यांनी 1999 साली एक साधा प्रश्न मांडला होता : या डावात हल्लेखोर कोण? दोघांचेही डेक आक्रमक असतील तर जो थोडा सावकाश आहे, त्याने बचाव करायचा असतो. ही भूमिका चुकली की डाव गेला. मी असे डझनभर डाव घालवले आहेत. समोरचा माझ्याहून वेगवान, तरी मी आपला ईर्ष्येने त्याच्या तोंडावर मारतोय आणि त्याची प्यादी मला पोखरताहेत. 'किल कमांड' हे पानही असंच फसवतं. तीन मानांत तीन घाव, पण आपल्या बाजूला एखादा पशू उभा असेल तर पाच. ते चौथ्या टर्नला एखाद्या प्याद्यावर उधळलं की शेवटी नेमके पाच कमी पडतात.

खिशाचाही प्रश्न आहे. हव्या त्या पानासाठी खेळात 'डस्ट' मोजावी लागते. साध्या पानाला 40, लेजेंडरीला 1600. फेस हंटर बहुतांशी साध्या पानांचा, त्यामुळे नवशिक्याला, कॉलेजच्या पोराला परवडणारा. डावही झटपट संपतात, म्हणजे महिनाअखेर क्रमवारीत वर सरकायला तेवढ्याच वेळात जास्त डाव मिळतात. मोठ्या स्पर्धांत मात्र एका डेकवर भागत नाही. वेगवेगळ्या नायकांचे अनेक डेक न्यावे लागतात आणि त्यांतला एखादा प्रतिस्पर्धी बाद करतो. 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत हार्थस्टोन प्रदर्शनीय प्रकार म्हणून होता. त्यात भुजच्या तीर्थ मेहताने भारतासाठी कांस्यपदक मिळवलं. पदकतक्त्यात ते धरलं गेलं नाही.

कंपनीला फेस हंटर फार डोईजड झालेला आवडत नाही. एप्रिल 2016 मध्ये तिने कात्री चालवली. लेपर नोमचा हल्ला दोनवरून एक केला आणि आर्केन गोलेमची लगेच हल्ला करण्याची ताकद काढून घेतली. एक गुण म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण वरच्या हिशोबात आठाचे चार होतात आणि काम सहाव्याऐवजी सातव्या टर्नवर जातं. तोवर समोरच्याचे भारी मोहरे उतरू लागतात. नोम त्यानंतर डेकमधून गायबच झाला.

मार्च 2021 मध्ये कंपनीने 'क्लासिक' नावाचा विभाग उघडला. 2014 ची पानं, जुन्याच आकड्यांसह. नोमला त्याचा दुसरा गुण परत मिळाला. मी त्याच रात्री डेक बांधला, एक मानाची आठ पानं मोजून घातली आणि बसलो. पहिली खेळी माझी. तिन्ही पानं बदलली, चौथं ओढलं. एक मानाचं एकही नव्हतं. शंभरातले ते नऊ.